पुडी बदलायची आहे? आधी कार्यक्रमाची तारीख सांगा

तबला दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाबद्दल लिहितेय. तक्रारी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना त्या चालणार नाहीत ते इथूनच परत फिरतील. फोन उचलत नाहीत. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं आणि एरवीही सकाळी साडेअकराच्या आत गेलात तर पायरीवर ताटकळावं लागतं. बसायला एकच बाकडं, त्यावर कुणाची तरी ढोलकी आधीच बसलेली. गाडी लावायचं तर नावच काढू नका, मेट्रोने मंडईला किंवा कसबा पेठेला उतरा आणि चालत या. घासाघीस केलीत तर दुकानाचे मालक, चाचा, मान वर न करता "दुसरीकडे बघा" म्हणतात, आणि ते रागाने नाही, खरोखरच दुसरीकडे बघा या अर्थाने म्हणतात.

दुकान अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बाजूला, एका बोळात, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. तबला, डग्गा (डाव्या हाताचा), पखवाज, ढोलकी यांची दुरुस्ती, म्हणजे मुख्यतः पुडी, तोंडावरचं कातडं, बदलणं, आणि थोडं नवं काम. नाव मुद्दाम देत नाही. चाचांनीच बजावलंय, "नाव टाकू नका ताई, आहेत त्याच पुड्या उरकत नाहीत." पेठांमधल्या कुठल्याही तबलेवाल्याला विचारा, तो आणून सोडेल.

मी तबला वाजवते आणि त्यावरच घर चालवते. म्हणजे निम्मं घर, उरलेलं निम्मं नवरा चालवतो, त्याची नोकरी हिंजवडीत आहे. सकाळी शिकवण्या, संध्याकाळी कथकच्या क्लासला साथ, शनिवार-रविवारी मैफिली, गणपतीत आणि दिवाळी पहाटेला नाट्यगीतांचे कार्यक्रम. तेव्हा या दुकानाबद्दलचं माझं मत पोटासाठी वाजवणारीचं आहे. हौसेने वाजवणाऱ्यांना तेच दुकान वेगळं दिसतं, हे मला माहीत आहे, आणि मुळात म्हणूनच हे लिहायला बसले.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी या दुकानाला चारचौघांत भरपूर शिव्या घातल्या. काका निवृत्त आहेत, दोन-तीन वर्षांपासून तबला शिकतायत, मनापासून शिकतायत. शाई, म्हणजे पुडीच्या मधला काळा ठिपका, उडाली म्हणून तबला टाकला, तर पंधरवडा उलटला तरी हात लागलेला नाही. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या नंतर आलेल्या एका पोराचा तबला दोन दिवसांत तयार. "ही काय पद्धत झाली? रांग नावाची काही चीज आहे की नाही?"

रांग आहे. फक्त ती आलेल्या क्रमाने नाही. वाद्य हातात घेतलं की चाचांचा पहिला प्रश्न "काय झालंय" हा नसतोच. ते त्यांना दिसतं. पहिला प्रश्न, "प्रोग्राम कधी?" मग जुन्या लग्नपत्रिकेचा चौकोनी तुकडा घेऊन त्यावर ती तारीख लिहितात आणि तो वादीत, म्हणजे पुडी ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्टीत, अडकवतात. टाकल्याची तारीख नाही, नाव नाही, वाजवायची तारीख. खालच्या फळीवर या आठवड्याचे, मधल्या फळीवर या महिन्याचे, आणि सगळ्यात वर, हात पुरत नाही तिथे, ज्यांना तारीख नाही ते. काकांचा तबला तिथे होता. काकांनी खरं सांगितलं होतं की कार्यक्रम-बिर्यक्रम नाही, घरी वाजवतो. तेव्हा काका, राग मानू नका, पण ज्याची उद्याची बिदागी अडकली आहे त्याचं काम आधी होणार, आणि मला विचाराल तर ते तसंच व्हायला हवं.

खोटी तारीख सांगून बघू नका. माझ्यासमोर एकाने सांगितली. चाचांनी तबला तिरपा धरला, चाटेवरून, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवरून, तर्जनी फिरवली आणि म्हणाले, "चाट तर कोरी आहे. गेल्या वर्षात किती प्रोग्राम केले?" रोज वाजवणाऱ्याच्या चाटेवर 'ना' हा बोल पडायची जागा ठरलेली असते, तिथे कातडं काळपट आणि तुळतुळीत होतं. त्या माणसाचा तबला वरच्या फळीवर गेला.

माझ्या चाटेची तर चाळण होते, कारण कथकची साथ. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली, आज कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंत हॉल भाड्याने मिळेल तिथे कथकचा क्लास आहे. पंचवीस मुलींचे घुंगरू एकदम वाजत असताना तबला ऐकू जायचा तर खुल्या हाताने, दाबून वाजवावं लागतं. तत्कार चालू झाला की तीनतालाचा ठेका त्याच लयीत, मग दुगुण, मग चौगुण, आणि मधेच एखादी चुकली की परत पहिल्यापासून. मैफिलीत वाजवणाऱ्याची पुडी जितकी टिकते त्याच्या निम्मीही माझी टिकत नाही. क्लासमध्ये लेहरा, म्हणजे तालाला धरून फिरत राहणारी धून, मोबाइलवर लागतो आणि मला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी सहज विचारतं की तबलाही त्यातच मिळतो ना. मिळतो. पण ते यंत्र मुलीच्या पायाकडे बघत नाही.

आता कामाबद्दल, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजायचे त्याबद्दल. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, हे सगळीकडेच. फरक पडतो तो शाईत. बहुतेक दुकानांत तयार पुडी आणून नुसती चढवून देतात. इथे शाई दुकानातच घोटली जाते आणि बघत बसलात तर कुणी उठवत नाही. आधी मधोमध खळीचा पातळ हात. मग मसाला, म्हणजे लोखंडाची बारीक पूड, कोळशाची पूड आणि खळ मळून केलेला काळा लगदा. त्यातला बोराएवढा गोळा अंगठ्याने गोल पसरायचा आणि जरा आळला की गुळगुळीत दगडाने घासायला घ्यायचा. घासण्याचा आवाज कर्रकर्र, पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. घासता घासता थर सुकतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. त्या पाडायच्याच असतात. शाई सलग राहिली तर खालचं कातडं मोकळं हलणार नाही आणि आवाज लाकडी ठोकळ्यावर मारल्यासारखा बद्द येईल. मग दुसरा थर, पहिल्यापेक्षा किंचित लहान. मग तिसरा, आणखी लहान. असं करत मध्यभागी जाड, कडेला पातळ. दर थरानंतर चाचा एक 'तिं' मारतात, कान खाली नेतात, आणि बोलत असलात तर डोळ्यांनीच गप्प करतात.

या काळ्या ठिपक्यामुळेच तबल्याला सूर असतो. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून बहुतेक ढोल-नगारे नुसते वाजतात, सुरात लागत नाहीत. मध्ये वजन दिलं की ते जुळायला लागतात. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासोबत यावर १९२० मध्ये 'नेचर'मध्ये टिपण लिहिलं होतं, नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी. चाचांना मी हे सांगितलं. म्हणाले, "मग त्यांना माहीत असेल लोखंड कुठलं चांगलं." त्यांचा सध्याचा त्रास तो आहे, पूड पूर्वीसारखी बारीक मिळत नाही.

पुडी चढवल्यावर गजरा (कडेची चामड्याची वेणी), वाद्या ओढणं, वाद्यांखाली लाकडी गठ्ठे बसवणं आणि गजऱ्याभोवतीची सोळाही घरं एका सुरात आणणं. इथे या दुकानाला मी पूर्ण गुण देते. तुम्ही 'काळी एक' (पेटीवरची पट्टी) सांगितलीत तर तबला काळी एकलाच आरामात बसतो, पाऊण इंच गठ्ठा खाली ठोकून कसाबसा नेऊन ठेवलेला नसतो. घरी आणल्यावर दोन दिवस उतरतो, नव्या वाद्या ताण सोडतात, तेवढं होणारच. तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ताबा घेऊन दुसऱ्या दिवशी मंचावर बसू नका. किमान चार दिवस आधी घ्या आणि रोज तासभर वाजवा.

डग्ग्याबद्दल माझं मत इतकं चांगलं नाही. गेल्या पावसाळ्यात डग्ग्याची पुडी बदलली, तर घुमारा हवा तसा निघेना, मींड काढताना, म्हणजे तळहाताने दाबून सूर घसरवताना, हाताखाली कातडं ताठ लागायचं. परत नेला. चाचांनी वाजवून बघितला, "मुलाने शाई जाड ठेवली" म्हणाले आणि पैसे न घेता नवी करून दिली. पण त्यात आठवडा गेला आणि मला क्लासला मैत्रिणीचा डग्गा मागून न्यावा लागला. तबल्याचं काम चाचा स्वतः करतात, डग्गे आता मुलगा करतो. त्याचा हात बसतोय, अजून पुरता बसलेला नाही. डग्गा टाकताना "शाई पातळ ठेवा" असं तोंडाने सांगा.

भाव. मी शेवटची तबल्याची पुडी केली ती सव्वादोन हजारांना, वाद्या वेगळ्या. स्वस्त नाही. त्याहून कमी भावात रेडीमेड पुडी मिळते आणि घरी सरावाला ती पुरते. माझा हिशेब असा की एखाद्या घरगुती बैठकीचं पाकीट आणि एक पुडी जवळपास बरोबरीत सुटतात. पाकीट लगेच मिळालं तर. आयोजक "पुढच्या आठवड्यात पाठवतो" म्हणतात, तो आठवडा कधी कधी पुढच्या गणपतीपर्यंत लांबतो. चाचा उधार ठेवतात, पण नियम कडक आहे: आधीचं दिल्याशिवाय पुढचं काम नाही. "तुमचे पैसे अडकतात म्हणून मी थांबतो, माझे अडकले तर कातडेवाला थांबत नाही." मीही आता आयोजकांकडे निम्मे आधी मागते. दोन कार्यक्रम हातचे गेले. बाकीच्यांनी दिले.

एकदा बाकड्यावर शेजारी तमाशाच्या फडातला ढोलकीवाला बसला होता, नारायणगावकडचा. दसऱ्याआधी ढोलकी करून घ्यायला आला होता, कारण दसऱ्याला फड उभे राहतात आणि मग वैशाखापर्यंत जत्रा, रात्री गावोगाव. मी विचारलं, पैसे कसे ठरतात? म्हणाला, सीझनच्या आधी उचल घ्यायची, मग सीझनभर फेडायची, मधे सोडून जाता येत नाही. आजारी पडलात तरी बदली द्यायचा. मी विचारलं, तुम्हाला नातेवाईक विचारतात का हो, की हे ठीक आहे, पण काम काय करता? त्याला प्रश्नच कळला नाही. "उचल अंगावर हाय म्हटल्यावर कामच की ताई," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तुमचं बरंय, रोज रात्री घरी जाता." यावर मला काही बोलता आलं नाही, कारण बरं आहेच.

मला मात्र तो प्रश्न सगळे विचारतात. आमच्या आत्तेसासूबाईंना बालगंधर्वांची पदं तोंडपाठ आहेत. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष, हे त्या अभिमानाने सांगतात. हे दोघं कंपनीच्या नोकरीतच होते, म्हणजे नोकरीच म्हणायची तर ती तेव्हाही होती. तरी दर दिवाळीला, "अगं, पण शाळेबिळेत कुठे लागत का नाहीस?" म्हणजे तबला शाळेत वाजवला की नोकरी, मंचावर वाजवला की छंद.

बँकेचं तर विचारू नका. कुठली ते लिहीत नाही, कुठलीही असती. स्कूटरच्या कर्जाला गेले, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं समोर ठेवली. साहेबांनी ती चाळली, "छान छान, माझी पुतणीपण शिकते," म्हणाले आणि अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं. मी म्हटलं, खोडा. तर म्हणाले, यादीत तुमचं नाहीये ना मॅडम, 'इतर' टाकलं तर वर अडकेल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायांच्या यादीत वादक, गायक आणि संगीतकारांना स्वतःचा क्रमांक आहे, २६५२. तो मी त्यांना सांगितला. त्यांनी लिहूनही घेतला, कुठे ते माहीत नाही. शेवटी कर्ज नवऱ्याच्या नावावर निघालं, हप्ते माझ्या खात्यातून जातात.

जीएसटीवाल्यांचं यापेक्षा बरं आहे. शास्त्रीय किंवा लोककलेतल्या गायन-वादन-नृत्य-नाट्याच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर कलाकाराला कर माफ आहे. माझं मानधन त्या दीड लाखाच्या इतकं खाली असतं की वाचताना हसूच आलं, पण माफ करायला आधी धंदा धरावा लागतो, तेवढं तरी त्यांनी केलं. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवरही जीएसटी नाही, त्यामुळे नवा तबला घेतलात तर भावात वर काही चढत नाही.

आपलं काम धंदा म्हणून धरलं जावं, याच कारणासाठी सांगते, इथे बिल मागा. मिळतं. कार्बन घातलेलं बिलबुक आहे, अक्षर सुंदर. "तबला पुडी १, काळी एक, वाद्यांसह," खाली सही आणि शिक्का. माझे सीए ही बिलं दरवर्षी मागून घेतात, पुड्या, वाद्या, रिक्षा, सगळं खर्चात धरतात. वाजवणाऱ्या पोरापोरींना मी कळकळीने सांगते की पहिल्या मानधनापासून वही ठेवा आणि पैसे खात्यात घ्या, पाकिटात नको. पाकिटातलं उत्पन्न कुठल्याच टेबलावर ठेवता येत नाही. (बँकेच्या त्या साहेबांनी बिलंही बघितली. "एवढा खर्च होतो यात?" एवढीच प्रतिक्रिया.)

लाकडाचं कामही करतात, पण मर्यादित. शिसवी खोडाला, म्हणजे तबल्याच्या लाकडी अंगाला, भेग गेली तर भरून देतात, भेग आरपार असेल तर खोटी आशा लावत नाहीत. माझं जुनं खैराचं खोड, गुरुजींकडून आलेलं, तिसऱ्यांदा भरायला नेलं तेव्हा चाचांनी ते ठोकून बघितलं आणि "आता याला ठेवून द्या" म्हणाले. नवं खोड विकायची ती नामी संधी होती. विकलं नाही, कारण त्यांच्याकडे तेव्हा साडेपाच इंची तोंडाचं चांगलं वाळलेलं खोड नव्हतं. दोन महिने थांबा म्हणाले. थांबले. पेटीला हात लावत नाहीत, तानपुऱ्यालाही नाही. तानपुरा घेऊन गेलात तर मिरजेला जा म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

कधी जावं हेही महत्त्वाचं. श्रावण ते अनंत चतुर्दशी अजिबात नको, ताशेवाले आणि भजनी मंडळं दुकानात पाय ठेवू देत नाहीत. शिवाय पावसाळी हवेत शाई नीट सुकत नाही, चाचा स्वतःच टाळतात. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, त्याआधी पुण्यातल्या प्रत्येक तबलेवाल्याला आपला तबला नवा हवा असतो, मग त्याला सवाईत कुणी बोलावलेलं असो वा नसो. दिवाळी पहाट संपली की लगेच टाकलात तर निवांत काम होतं. काकांसारख्यांनी मार्च-एप्रिल गाठावा. परीक्षा असतात, क्लास थंडावतात, वरच्या फळीवरचं तेव्हा खाली येतं. काकांचा तबला अखेर मिळाला, आवाज सुरेख आहे, आता ते कुणाला फारशा शिव्या घालत नाहीत.

पाचातले चार. एक कापला तो डग्ग्यासाठी. फोन उचलायला लागले तर अर्धा परत देईन, पण ते उचलणार नाहीत, हात काळे असतात. घरी येऊन करून देतात का, असं दोघांनी विचारलंय. नाही.